मळ्याचा संघ गेला तेव्हा

आमच्या मळ्याचा पूर्वेकडचा बांध जिथे संपायचा तिथूनच हॉकीचं मैदान सुरू व्हायचं. मध्ये कुंपण नव्हतं, तार नव्हती. अलीकडे झेंडू आणि शेवंती, पलीकडे मुरूम. त्या मुरमावर मखमलाबाद रस्त्याच्या आसपासची दहा-पंधरा पोरं रोज संध्याकाळी हॉकी खेळायची. मंडळाचं पाटीवरचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण शहरात सगळे त्याला 'मळ्याचा संघ' म्हणायचे, आणि म्हणताना थोडं हसायचे. कारण मळ्याचा संघ हरायचा. मुरमावर चेंडू कुठे उडेल याचा भरवसा नसे, त्यामुळे आमच्या पोरांना अंगावर घेऊन अडवायची सवय. दुसऱ्यांच्या सपाट मैदानावर गेली की मात्र चेंडू त्यांच्या पायाखालून सरळ निघून जायचा आणि ती वेड्यासारखी मागे बघत राहायची. मी कळत्या वयाची झाल्यापासून त्यांनी एकही मोठा चषक आणलेला मला आठवत नाही. एकदा उपविजेतेपदाची ढाल आणली होती, ती आमच्याच ओसरीवर ठेवली होती, आणि आत्या तिच्यावर दोऱ्याची रिळं ठेवायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच ती माहेरी परत आली होती. का आली, ते घरात कोणी काढत नसे. हार ओवण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. दुपारची उन्हं कलली की ती बांधावर पोतं अंथरून बसायची, शेजारी मी, समोर तोडलेल्या फुलांचा ढीग, आणि पुढे मैदान. तिची सुई चालायची आणि तिचं तोंडही चालायचं. सुईकडे ती कधी बघत नसे. "अरे, मधे घाल की! मधे कोण तुझा सासरा उभा हाय का?" असं ती एवढ्या जोरात ओरडायची की विहिरीवर इंजिनापाशी असलेले तात्या, म्हणजे माझे वडील, तिथून हसायचे. पोरंही तिला घाबरून होती. गोल चुकला की आधी बांधाकडे बघायची. रस्त्यावर पंक्चरचं दुकान असलेले बाबूकाका ऐन खेळाच्या वेळी दुकानाला फळी लावून यायचे आणि एका कागदात भेळभत्ता घेऊन आमच्या पोत्याच्या कडेला टेकायचे. भत्त्यातली हिरवी मिरची आत्याची, शेंगदाणे माझे, उरलेलं त्यांचं. चेंडू फुलांत शिरला की उठायचं माझं काम. झेंडूच्या ओळीत गुडघ्यावर बसून चेंडू शोधायचा, लुगड्याच्या फडक्याने पुसायचा आणि फेकायचा. हाताला झेंडूचा तो कडवट वास रात्री जेवताना भाकरीलाही लागायचा. आम्ही सामना 'बघायला' जायचो असं मी कधीच म्हणणार नाही. आम्ही तिथे होतोच, आणि सामना आमच्या पुढ्यात व्हायचा.

संघाचा गोलकीपर यशवंत आमच्याकडेच राहायचा. तो घोटीकडचा. गावी भाताची थोडी जमीन, पाठीवर दोन भाऊ. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्याला तात्पुरतं काम होतं आणि शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून तात्यांनी त्याला फुलांच्या शेडशेजारची खोली दिली होती. भाडं म्हणून दर हंगामात तो घोटीच्या तांदळाचं एक पोतं आणायचा. तो तांदूळ चुलीवर चढला की वास मैदानापर्यंत जायचा, आणि मग सरावानंतर पोरं पाणी प्यायच्या निमित्ताने आमच्या दारात रेंगाळायची. मी त्याला येसूदादा म्हणायचे. मला सख्खा भाऊ नव्हता. राखी पौर्णिमेला तो पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा आणि ओवाळणीत दरवर्षी तेच द्यायचा, केसांच्या रिबिनीचा जोड, तोही दोन वेगळ्या रंगांचा. मी चिडले की म्हणायचा, "दोन रंग हायेत म्हणून सांडलीस तर कोन्ती सांडली ते कळंल."

त्याच्या डाव्या खांद्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. एका पावसाळ्यात ओल्या मुरमावर तो चेंडू अडवायला पडला आणि खांद्यावरच आपटला. हाड मोडलं नव्हतं, पण त्यानंतर त्याचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. खालचा चेंडू, सरळ येणारा चेंडू तो पायांनी आणि उजव्या हातातल्या स्टिकने असा अडवायचा की बघणाऱ्याला काहीच कळू नये. डावीकडून उंच येणारा चेंडू मात्र त्याच्या हातून जायचा. आमच्या पोरांशी रोज खेळताना सावरून घेता येई. बाहेरच्यांना पत्ता लागला असता तर संपलंच. आत्या रोज रात्री जेवणानंतर तिळाचं तेल कोमट करून त्याचा खांदा चोळायची आणि आई विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून शेकायला द्यायची. कारखान्याचा स्वतःचा हॉकी संघ होता, आणि खेळाडू म्हणून निवड झाली तर काम कायम होणार होतं. त्यासाठीच आत्याने आम्हाला ताकीद दिली होती, "हे घराच्या भायेर जायला नको. चार मानसांत राहिलं पायजे." चार माणसं म्हणजे तात्या, आई, आत्या आणि मी. त्या चारांत माझं नाव धरलं होतं याचा मला कोण अभिमान होता. त्या खांद्यामुळे त्याला पॅडचे मागचे पट्टे नीट आवळता येत नसत, तेव्हा रोज खेळ सुरू होण्याआधी तो बांधावर येऊन पाय पुढे करायचा आणि मी पट्टे आवळून द्यायचे. प्रत्येक पायाला तीन. "आवळ अजून. झेंडूच्या जुड्या कशा बांधतीस, तसं," म्हणायचा. दोन वर्षं हे काम माझ्याकडे होतं आणि ते मी कोणाला करू दिलं नव्हतं.

नवीन स्टेडियमची बातमी बाबूकाकांनी आणली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हायवेच्या पलीकडे, नव्या वसाहतींच्या मधोमध ते कधीपासून बांधून होत होतं. आता ते पूर्ण झालं होतं, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी खटपट करून मळ्याच्या संघाला तिथे कायमची जागा मिळवली होती. सराव तिथे, सामने तिथे. हिरवळीचं मैदान, चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या, कपडे बदलायला खोल्या. आमच्या बाजूच्या मुरमावर पुढे काय होणार ते कोणी बोललं नाही. पोरं तर हवेतच होती. बाबूकाका म्हणाले, "चांगलंच झालं म्हणा. हिरवळीवर खेळले तर सुधारतील." आणि मग बराच वेळ भत्ता न खाता नुसता कागद चुरगाळत बसले. त्या दिवशी आत्याने ओवलेल्या हारात फुलं इतकी गच्च झाली की बाजारात व्यापाऱ्याने तो उचलून विचारलं म्हणे, आज कोणावर राग काढलाय?

त्या स्टेडियमशेजारच्या वसाहतीत माझे मामा राहायचे. ते मोठ्या दुकानात हिशेबनीस होते आणि स्टेडियमच्या व्यवस्था समितीवर त्यांचं नाव लागलं होतं. आईला माहेरचं भारी कौतुक. तिने ही गोष्ट चार दिवसांत निदान दहा वेळा सांगितली. मामांची मुलगी विद्या माझ्याच वयाची. गोरी, इंग्रजी शाळेत जाणारी, बोलताना मान वाकडी करणारी. तिला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा मैदानाकडे पाठ करून बसायची, धूळ येते म्हणून. आणि आता संघ तिच्या खिडकीखाली जाणार होता.

उद्घाटनाच्या स्वागतासाठी हार आमच्याकडूनच गेले. सगळ्या खेळाडूंना, पाहुण्यांना वेगळे, कमानीला तोरणं वेगळी. आत्या आणि मी दोन दिवस ओवत होतो. येसूदादाचा हार मी एकटीने ओवला. पांढरी शेवंती, मध्ये एक-एक लाल गुलाब, आणि खाली पदक असतं तसा झेंडूचा मोठा गोंडा. सकाळी टेम्पो केला. मागे हारांच्या पाट्या आणि त्यांच्यामध्ये आम्ही सगळे बांधावरचे, आत्या, बाबूकाका, आसपासच्या मळ्यांतल्या बाया, सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेले. गोदावरीच्या पुलावरून जाताना बाबूकाकांनी संघाच्या नावाने घोषणा दिली आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. दारावर पास मागितले. आमच्याकडे कुठले पास? हार आतून कोणी येऊन घेऊन गेलं आणि आम्हाला समोरच्या बाजूच्या पायऱ्यांवर, उन्हात पाठवलं. तिथून माणसं बोटाएवढी दिसत होती. आत्याने डोळ्यांवर पदर धरला आणि म्हणाली, "आपला येसू कोन्चा? पोरांची तोंडंच दिसनात."

मंडपात खुर्च्यांवर वसाहतीतली माणसं बसली होती. नाव पुकारलं की एकेक खेळाडू पुढे यायचा आणि एकेक मुलगी हार घालायची. येसूदादाचं नाव आलं तेव्हा विद्या उठली. गुलाबी फ्रॉक. माझा हार तिच्या हातात होता. इतक्या लांबून मी तो ओळखला. तिने टाचा उंच करून तो त्याच्या गळ्यात घातला, तो वाकला, काहीतरी बोलला, आणि ती मान वाकडी करून हसली. आई माझ्या शेजारी होती. "बघ, आपली विद्या!" असं म्हणून तिने माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला. नंतर सामन्यात संघ नेहमीसारखा हरला, आणि मला जे वाटलं ते लिहायला आज साठी उलटल्यावरही जरा थांबावं लागतंय. मला बरं वाटलं.

पुढचे काही महिने घरातल्या संध्याकाळी कशा होत्या ते कसं सांगू? आत्या बांधावर बसायची, पण तोंड विहिरीकडे करून. मुरमावर गुरं फिरायला लागली. स्टिकचा तो कोरडा टक् टक् आवाज गेला आणि इंजिनाची धकधक तेवढी उरली. बाबूकाका एकदा-दोनदा येऊन गेले, मग यायचे बंद झाले. येसूदादा कारखान्यातून सुटला की परस्पर स्टेडियमवर जायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचा. जेवताना तो तिकडचं सांगायचा, हिरवळीवर पडलं तरी लागत नाही, नळाला गार पाणी असतं, पायऱ्यांवर रोज माणसं येतात. "आनि मामांची विद्या रोज असती बरं का," तो एकदा आईला म्हणाला, "पान्याच्या बाटल्या तीच भरून ठेवती. लय हुशार पोरगी हाय. परवा तिला स्टिक धरायला शिकवली." दोन वर्षांत मी चेंडू शोधले होते, पट्टे आवळले होते, पण स्टिक धरशील का असं मला कोणी विचारलं नव्हतं. मीही मागितली नव्हती, हे खरं. पण विद्याने तरी कुठे मागितली असेल? मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "हिला काय झालं?" आत्या माझ्याकडे बघत राहिली.

आणि संघ जिंकायला लागला. हेच मला सगळ्यांत जास्त लागलं. आधी बरोबरी, मग एक विजय, मग सलग. सपाट हिरवळीवर चेंडू सांगितल्यासारखा यायचा, आणि आमच्या पोरांचे मुरमावर घट्ट झालेले पाय आता कामाला येत होते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो आला, त्यात मागच्या पायऱ्यांवर गर्दी दिसत होती. मी भिंग घेतल्यासारखा तो फोटो पाहिला. त्यात ओळखीचा एकही चेहरा नव्हता. हरत होते तेव्हा आमचे होते. इतकी वर्षं हरणं आम्ही सोसलं, आणि जिंकणं मात्र त्या खुर्चीवाल्यांच्या वाट्याला, असं माझ्या मनात चालायचं. मी देवघरासमोर उभी राहून स्पष्ट शब्दांत मागितलं होतं, हरू दे त्यांना, म्हणजे परत येतील.

स्पर्धेच्या शेवटच्या सामन्याला कारखान्याची माणसं निवडीसाठी येणार होती. गाठ चांदवडच्या संघाशी होती. येसूदादाने आम्हाला बजावून बोलावलं, आणि या वेळी पासही आणून दिले. मामांनी दिलेले. तात्या, आई, आत्या आणि मी बसने गेलो, निमाणीच्या स्टँडवर बस बदलून. पास होते म्हणून गोलच्या मागच्या बाजूला, पहिल्या पायरीवर बसायला मिळालं. पूर्वार्धात येसूदादा असा खेळला की चांदवडवाल्यांनी कपाळाला हात लावला. आमचा एक गोल झाला होता, त्यांचा एकही नाही. तात्या उठून उभे राहिले होते. मीसुद्धा ओरडले. सगळं विसरून, घसा फाटेपर्यंत ओरडले, हे मला नोंदवलं पाहिजे.

मध्यंतरात तो आमच्याकडेच येत होता. पॅड ढिले झाले असणार, मी ओळखलं. मी पायरीवरून उठून पुढे झाले. तेवढ्यात बाटल्यांच्या पेटीपाशी उभी असलेली विद्या त्याच्या आड आली, काहीतरी म्हणाली, आणि तो थांबला. त्याने पाय पुढे केला. ती गुडघ्यावर बसली आणि पट्टे आवळायला लागली. एक, दोन, तीन. मग दुसरा पाय. तिला सवय होती हे दिसत होतं. खांद्याचं तिला ठाऊक नव्हतं, तिला वाटत असणार की मोठ्या खेळाडूचे पट्टे असेच कोणीतरी बांधायचे असतात. तो तिच्या डोक्यावरून आमच्याकडे बघून हसला, हात हलवला. मी वळले आणि चालायला लागले.

पायऱ्यांच्या मागे पाण्याचे नळ होते. तिथे चांदवड संघाचे प्रशिक्षक रुमाल भिजवत उभे होते. पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा, भला माणूस दिसत होता. मला बघून ते बाजूला सरले. "पी बाळ पाणी," म्हणाले. मग सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, "तुम्ही मळ्याकडच्या का? तुमचा गोली म्हणजे नुसती भिंत आहे, भिंत."

मी म्हणाले, "भिंतीला डावीकडे भगदाड आहे."

ते हसले. मी हसले नाही.

"त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही," मी म्हणाले. "उंच मारा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ असं बघितलं की मला वाटलं, आता हे मला रागावतील. रागावले असते तर किती बरं झालं असतं. ते रुमाल पिळून निघून गेले. नळ तसाच चालू होता, मी तो बंद केला आणि परत येऊन आत्याच्या शेजारी बसले. आत्याने विचारलं, "कुठं गेल्तीस?" मी म्हणाले, "पाणी प्यायला."

उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. त्यांच्या एकाने चेंडू स्टिकवर घेऊन उचलला, डावीकडे, वर. येसूदादा त्या बाजूला झुकला, हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. चेंडू जाळीत. लोकांना वाटलं, चुकला. दुसऱ्यांदा तसाच उचललेला चेंडू आला तेव्हा त्याने उजव्या हातातली स्टिक आडवी टाकून बघितली, पोहोचली नाही. मग त्यांनी दुसरीकडे मारणंच सोडलं. आमची पोरं जीव तोडून मागे येत होती, पण सगळं जग त्या एका कोपऱ्यात चेंडू उचलत होतं. दोन-एकने हरलो. शिट्टी झाल्यावर चांदवडचे प्रशिक्षक येसूदादाजवळ गेले, हात मिळवला आणि त्याच्या डाव्या खांद्याला नुसती बोटं टेकवून म्हणाले, "सांभाळ रे हे." आम्ही पहिल्याच पायरीवर होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. कारखान्याच्या माणसांनाही ते दिसलं. येसूदादाने आधी त्यांच्याकडे बघितलं. मग हळूहळू मान वळवून आमच्याकडे, चौघांकडे.

चौथ्या दिवशी कारखान्यातून निरोप आला. खांद्याची दुखापत लपवल्याबद्दल संघात घेता येणार नाही, आणि तात्पुरतं कामही महिनाअखेरपर्यंतच. येसूदादाने कोणाला काही विचारलं नाही. तो जेवत होता, ताट धूत होता, खोलीत जात होता. तेल चोळायला आत्या गेली तर "आता नको आत्या" म्हणाला. घरात तात्या आईवर संशय घेत होते, माहेरी बोलली असेल म्हणून, आणि आई पदराने डोळे पुसत शपथा घेत होती. मी ते दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर हार ओवताना मी आत्याला सांगितलं. एका दमात, खाली बघून.

आत्याची सुई थांबली. मी तिच्या हाताची वाट बघत होते, थोबाडीत बसेल म्हणून. ती म्हणाली, "मी देवीला साडी बोलले व्हते, ते हरले तर."

मी वर बघितलं. ती रिकाम्या मैदानाकडे बघत होती, किती तरी महिन्यांनी त्या बाजूला तोंड करून. मला वाटलं, सुटले. आम्ही दोघी एकाच पापातल्या. मी तिच्या मांडीवर हात ठेवला, तो तिने उचलून बाजूला ठेवला.

"मी देवीला बोलले. तू त्या मानसाला बोललीस," ती म्हणाली. "माझ्या बोलन्यानं त्याचा हात खाली ऱ्हायला नाय, मंदे. ऊठ. त्याला सांगून ये. तुझ्या आईचा जीव चाललाय तिकडं."

येसूदादा महिनाअखेरची वाट न बघता खोलीत वळकटी बांधत होता. मी दारात उभी राहून सांगितलं. नळ, टोपी, भिंत, भगदाड, सगळं, शब्द न शब्द. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्याने वळकटीवरचा दोर ओढला, पण डाव्या हाताने ताण बसेना. "हितं धर," तो म्हणाला. मी दोराचं टोक धरलं. त्याने गाठ मारली. नंतर त्याने विचारलं, "का गं?"

"विद्याला पट्टे बांधू दिलेस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं, हे मला त्या क्षणी दिसलं. त्याच्यासाठी ते पट्टे होते. जो जवळ असेल त्याने बांधायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडायला तात्या निघाले, तर तो म्हणाला, "मंदीला येऊ द्या." आम्ही रस्त्यापर्यंत चालत गेलो. वळकटी त्याच्या उजव्या खांद्यावर, पत्र्याची पेटी माझ्या हातात. बसची वाट बघत उभे असताना तो म्हणाला, "एक सांग. माझं ओझरचं काम कायम झालं असतं, मी तिकडं ऱ्हायला गेलो असतो, तिकडच्या लोकांत. तवा काय केलं असतंस?"

खोटं बोलता आलं असतं. मी खूप खुश झाले असते, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "असंच वाटलं असतं."

"लय अवघड हाय मंदे तुझं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टर जसं आजाराचं नाव सांगतो तसा तो बोलला. मग बस आली, त्याने पेटी माझ्या हातून घेतली आणि चढला. खिडकीशी जागा होती, तो पलीकडच्या बाजूला बसला.

संघ आमच्याकडे परत आला नाही. हरून कोणी परत येत नसतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यांना नवीन गोलकीपर मिळाला, ते कधी जिंकले, कधी हरले, विद्या लग्न होईपर्यंत जात राहिली असं ऐकलं. मुरमावर प्लॉट पडले. आमचा मळाही आता अर्धाच उरलाय, आणि बांधाच्या जागी सोसायटीची भिंत आहे. आत्याने देवीला साडी नेसवली. बोलले होते ते द्यावं लागतं, एवढंच म्हणाली, आणि मला सोबत नेलं नाही. येसूदादा घोटीलाच राहिला. माझ्या लग्नात तो तांदळाचं पोतं घेऊन आला होता, पंगतीत वाढायला उभा राहिला, सगळ्यांशी बोलला, माझ्याशीही बोलला. राखी मी त्यानंतरही पाठवत राहिले. रिबिनी मात्र पुन्हा आल्या नाहीत, आणि त्या वयात मी त्या लावणारही नव्हते.

परवा नवऱ्याच्या भाच्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. घोटीजवळ कुठल्याशा शाळेच्या मागे, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात येसूदादा उभा आहे. डोकं पार पांढरं झालंय. गेली कित्येक वर्षं तो तिथल्या मुलींना हॉकी शिकवतो म्हणे, फुकट, रोज संध्याकाळी. त्याच्याभोवती दहा-बारा मुली आहेत, काही अनवाणी, सगळ्यांच्या हातात स्टिका. घरात सगळे म्हणाले, वा, केवढं छान काम करतात. सून म्हणाली, आई, तुम्ही ओळखता ना यांना? मी हो म्हणाले. मग सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी तो फोटो बोटांनी मोठा केला आणि त्या मुलींचे चेहरे एकेक करून बघितले. त्यांतली एक त्याच्या अगदी जवळ उभी होती, त्याच्या शर्टाची बाही धरून. ती कोण असेल, कोणाची असेल, आणि तिने असं काय केलं असेल की तिला तिथे उभं राहायला मिळालं, याचा मी बराच वेळ विचार करत बसले होते.